सहा महिन्यांचं डाएट आणि हुकलेला फेब्रुवारी

पत्र:

ताई, मी न्यू जर्सीत एडिसनला राहते. वय ४१, उंची पाच फूट दोन इंच, वजन २०८ पौंड. टाइप टू डायबेटिस आहे, झोपेत श्वास अडकतो म्हणून रात्री सीपॅपचं मशीन लावून झोपते. सर्जननी स्लीव्हसाठी, म्हणजे वजन उतरवायला जठर लहान करायच्या सर्जरीसाठी, होकार दिलाय, पण इन्शुरन्सची अट आहे की आधी सलग सहा महिने डाएटिशियनच्या देखरेखीखाली डाएट करायचं. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी अशा भेटी झाल्या. फेब्रुवारीत आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी साताऱ्याला जावं लागलं. निघायच्या दोन दिवस आधी, ३ फेब्रुवारीला, शुगरच्या गोळ्या लिहून घ्यायला आमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे तेवढी जाऊन आले. मार्चमध्ये परतल्यावर डाएटिशियनकडे गेले, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, एक महिना चुकला, आता पहिल्यापासून. गाडीत बसून रडले.

दुसरं असं की वजन उतरलं तर 'आता गरज नाही' म्हणतील आणि वाढलं तर 'तुम्ही प्रयत्नच करत नाही' म्हणतील, ही धास्ती आहे. मी शाकाहारी आहे आणि मला दिलेल्या कागदावर टर्की, सामन, कॉटेज चीज. सोमवार आणि चतुर्थी धरते. खाण्याच्या वहीत खोटं लिहिते, कारण खरं लिहायची लाज वाटते. सासूबाई म्हणतात, तोंड आवरलं तर पोट कापायला लागत नाही. हल्ली मलाही त्यांचंच खरं वाटायला लागलंय. काय करू?

उत्तर:

अगं, आधी तो फेब्रुवारी बघू.

तू सहज लिहून गेलीस की निघायच्या आधी नेहमीच्या डॉक्टरकडे जाऊन आले. तुझा महिना कदाचित तिथेच वाचलेला आहे. बऱ्याच इन्शुरन्स कंपन्यांच्या नियमात देखरेख करणारी व्यक्ती डाएटिशियनच हवी असं नसतं. डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनरही चालतात. डायबेटिसच्या पेशंटला आत घेताना नर्स बहुधा आधी काट्यावर उभं करते, आणि डॉक्टरही गोळी लिहिताना पुष्कळदा खाण्यापिण्याचं विचारतात. म्हणून आज रात्री डॉक्टरांचं ऑनलाइन पोर्टल उघड आणि ३ फेब्रुवारीची नोट शब्द न् शब्द वाच. त्यात वजन आहे का, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) आहे का, आहाराबद्दल एखादं वाक्य आहे का, चालण्या-फिरण्याबद्दल काही आहे का? या चारही गोष्टी असतील तर ती नोट घेऊन सर्जनच्या ऑफिसातल्या इन्शुरन्स बघणाऱ्या बाईंना भेट. काउंटरवर विचारू नकोस, त्यांनाच विचार.

बोलणं झालं होतं पण नोटमध्ये आलं नाही, असं असेल तर डॉक्टर आजची तारीख घालून त्या नोटला पुरवणी जोडू शकतात. तो रीतसर मार्ग आहे. बोलणंच झालं नसेल तर मात्र 'झालं म्हणून लिहा' असं सांगायला जाऊ नकोस. वैद्यकीय कागदात खोटं घुसलं की पुढे तुझी अख्खी फाइल संशयात येते.

मी हे इतक्या ठामपणे सांगते, कारण डाएटिशियन म्हणून माझी बावीस वर्षं या नोटा लिहिण्यात गेली आहेत. सुरुवातीच्या काळात माझ्या एका पेशंटचा अर्ज नामंजूर होऊन आला. सहाच्या सहा भेटी झालेल्या, एकही चुकली नव्हती. तिसऱ्या महिन्याच्या नोटमध्ये वजन होतं, जेवणाचं होतं, पण व्यायामाबद्दल एक ओळ नव्हती. त्या दिवशी आम्ही दहा मिनिटं तिच्या दुखऱ्या टाचेबद्दल आणि खुर्चीत बसून करायच्या व्यायामाबद्दल बोललो होतो. लिहायचं राहिलं ते माझ्याकडून. अपीलात तिचे अडीच महिने गेले आणि तेवढ्यात तिच्या इन्सुलिनचा डोस वाढला. तेव्हापासून माझ्या खोलीतून कुणीही निघायच्या आधी मी नोट तिच्यासमोर वाचून दाखवते. तूही तुझ्या डाएटिशियनला सांग, 'आजची नोट पोर्टलवर आली की मी वाचणार आहे, काही राहिलं असेल तर कळवीन.' चांगली डाएटिशियन याला रागावत नाही.

आता मूळ नियम. काउंटरवरच्या मुलीने सांगितलं म्हणजे इन्शुरन्सने सांगितलं असं होत नाही. कार्डाच्या मागे नंबर असतो त्यावर फोन कर आणि बेरियाट्रिक, म्हणजे वजनाच्या, सर्जरीची त्यांची लेखी मेडिकल पॉलिसी माग. तुझ्या प्लॅनला लागू असलेली, आजच्या तारखेची. ती हातात आली की 'सलग' हा शब्द आहे का ते बघ. काही ठिकाणी 'सलग सहा महिने' असतं, काही ठिकाणी फक्त ठराविक मुदतीत इतक्या भेटी एवढंच, आणि ज्या महिन्यासाठी तू रडलीस तो मग मोजायचाच नसतो. काही कंपन्यांनी गेल्या काही वर्षांत ही अट कमी केली किंवा काढूनच टाकली, तरी दवाखान्यातला जुना छापील कागद तसाच वाटला जातो. कधी तर सहा महिने इन्शुरन्सचे नसतातच, त्या सर्जरी प्रोग्रॅमचे स्वतःचे असतात, आणि मग सर्जनशी बोलून मार्ग निघतो. फोन केलास की बोलणाऱ्याचं नाव, तारीख आणि कॉलचा रेफरन्स नंबर वहीत लिहून ठेव.

त्याच फोनवर आणखी एक विचार, आणि तेच खरं तर सर्वांत आधी विचारायला हवं होतं: माझ्या प्लॅनमध्ये ही सर्जरी मुळात कव्हर होते का? मोठ्या कंपन्या पुष्कळदा कर्मचाऱ्यांच्या उपचारांचा खर्च स्वतःच्या खिशातून करतात आणि कार्डावर नाव असलेली इन्शुरन्स कंपनी फक्त कागद हलवते. अशा प्लॅनमध्ये मालकाने वजनाची सर्जरी सरसकट वगळलेली असू शकते. तसं असेल तर सहा काय, साठ महिने डाएट करूनही मंजुरी येणार नाही. मग बोलायचं ते एचआरशी. तुझ्या बाबतीत प्रकरण इथवर आलंय म्हणजे बहुधा कव्हर असेल, तरी लेखी घे.

या नियमाचा मला राग आहे आणि तो मी लपवणार नाही. डायबेटिस असलेल्या, झोपेत श्वास अडकणाऱ्या बाईला सहा महिने थांबवल्याने सर्जरी जास्त यशस्वी होते, असा पुरावा नाही. हे माझं एकटीचं म्हणणं नाही. अमेरिकन सोसायटी फॉर मेटाबॉलिक अँड बेरियाट्रिक सर्जरी या सर्जनांच्या संघटनेने २०१६ च्या निवेदनात इन्शुरन्सने लादलेली वजन उतरवण्याची अट मनमानी, भेदभावाची आणि शास्त्राचा आधार नसलेली असल्याचं स्पष्ट लिहिलं आणि ती बंद करावी असं म्हटलं. वाट बघता बघता पेशंट गळतात, हेही त्यात आहे. ती गळती मी डोळ्यांनी पाहिली आहे. चौथ्या-पाचव्या महिन्यात फोन उचलणं बंद होतं. तू रडलीस पण पत्र लिहिलंस, म्हणून मला तुझी काळजी थोडी कमी वाटते.

आता वजनाची धास्ती. बहुतेक अमेरिकन पॉलिसी १९९१ सालच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या निकषांवर उभ्या आहेत: बीएमआय ४०, किंवा ३५ आणि सोबत डायबेटिससारखा आजार. तुझा आज ३८ आहे. तुझ्या उंचीला १९२ पौंडांपर्यंत तू ३५ च्या वरच राहतेस, म्हणजे सोळा पौंड उतरले तरी आकडा निकषात बसतो. शिवाय पुष्कळ कंपन्या कार्यक्रम सुरू झाला त्या दिवशीचा बीएमआय धरतात. तुझी कंपनी कुठला धरते, ते त्याच लेखी पॉलिसीत असतं. काही ठिकाणी वजन उतरवायची अट नसते, पण सुरुवातीपेक्षा वाढलेलं चालत नाही. म्हणून आकडा टिकवण्यासाठी मुद्दाम खाणं नको आणि घाबरून उपाशी राहणंही नको. दर महिन्याला त्याच काट्यावर, साधारण त्याच वेळी, बूट काढून वजन कर. हिवाळ्यात जाड जॅकेट आणि बुटांसकट केलेलं वजन पुढच्या महिन्याचं सगळं गणित बिघडवतं.

एक गोष्ट अपीलासाठी जपून ठेव. २०२२ साली सर्जनांच्या त्याच संघटनेने आणि तिच्या आंतरराष्ट्रीय भगिनी संस्थेने निकष बदलले. बीएमआय ३५ किंवा जास्त असेल तर सोबत आजार नसला तरी सर्जरीची शिफारस आहे, आणि आशियाई वंशाच्या लोकांसाठी २७.५ पासूनच तिचा विचार व्हावा असं म्हटलंय, कारण आपल्याकडे कमी वजनातही डायबेटिस गाठतो. इन्शुरन्सचे कागद अजून सगळीकडे तिथवर पोचलेले नाहीत, पण सर्जनच्या पत्रात या ओळीचं वजन पडतं.

वहीचं ऐक. तू खोटं लिहितेस हे वाचून मला राग आला नाही, वाईट वाटलं. तुला वाटतं की वही म्हणजे परीक्षेचा पेपर. इन्शुरन्सचा माणूस तुझी वही वाचत नाही, तो माझ्यासारखीची नोट वाचतो. 'लग्नात चार पेढे खाल्ले, रात्री अकरा वाजता उभ्याने फरसाण खाल्लं, यावर चर्चा झाली, रात्रीचं जेवण लवकर घेऊन नऊनंतर ताक घ्यायचं ठरलं' ही नोट उत्तम आहे. तिच्यात देखरेख दिसते, बदल दिसतो. उलट तीस दिवस उकडलेली ब्रोकोली आणि वजन तिथंच, अशी वही आली की मला काहीच लिहिता येत नाही. आणि इन्शुरन्सपेक्षा मोठं कारण म्हणजे रात्री उठून खाण्याची सवय असेल किंवा एका बैठकीत थांबताच येत नसेल, तर ते सर्जन आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघांना कळायला हवं. ते कळलं म्हणून सर्जरी लगेच रद्द होत नाही, आधी त्यावर मदत मिळते. न सांगता टेबलावर गेलीस तर ती सवय तुझ्याबरोबर घरी येते, आणि घरी तेव्हा मुठीएवढं पोट असतं.

उपवासही लिही, आणि डाएटिशियनला समजावून सांग. सोमवारी 'नाश्ता नाही, दुपारी नाही' एवढंच दिसलं तर बिचारी 'पेशंट जेवण टाळते' असं लिहून मोकळी होईल. तिला काय ठाऊक की चार वाजता साबुदाण्याची वाटीभर खिचडी झालेली आहे! ती खिचडी तुझ्या शुगरची वैरीण आहे, हे तुलाही माहीत आहे. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, शंभर ग्रॅममध्ये एक ग्रॅमही प्रोटीन नाही. सोमवार सोड असं मी म्हणणार नाही. राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी, घट्ट दही, पनीर, हे सगळं उपासाला चालतं. फक्त शुगरच्या गोळ्या कशा घ्यायच्या ते डॉक्टरांना विचारून ठरव, मनाने नको.

आणि तो टर्की-सामनचा कागद परत कर. खरंच, हातात दे आणि म्हण, 'माझ्या स्वयंपाकघरातला कागद करू या.' सर्जरीनंतर तुला दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन लागेल, तेही दोन-तीन घासांत पोट भरत असताना. शाकाहारी माणसाला हे जमतं, पण आपोआप जमत नाही. पोह्यांच्या बशीत चार-पाच ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात. शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. इथे ग्रीक योगर्ट म्हणून जे विकतात ते म्हणजे आपला चक्काच, साखर घालून श्रीखंड व्हायच्या आधीचा. छोट्या डब्यात पंधरा ग्रॅमच्या वर प्रोटीन असतं. घरी दही मलमलच्या फडक्यात रात्रभर टांगलंस तरी चालेल. त्यात जिऱ्याची पूड, किसलेली काकडी, वरून कोथिंबीर. मूग भिजवून, वाटून त्याचं धिरडं, आत कुस्करलेलं पनीर, हा नाश्ता मी कित्येक मराठी, गुजराती, कानडी बायकांच्या कागदावर लिहिला आहे. मटकीची उसळ, सोया चंक्सची रस्सा भाजी, टोफूची भुर्जी, आणि उरलेलं व्हे प्रोटीनच्या पावडरीने. बी-१२ आणि आयर्नची तपासणी आताच करून घे. आपल्यात बी-१२ कमी असलेले कितीतरी निघतात आणि सर्जरीनंतर ते आणखी घसरतं. पुढे मल्टीव्हिटॅमिन, बी-१२, कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व जन्मभर घ्यायचं आहे. हे कुणी आधी सांगितलं नसेल तर माझ्याकडून ऐक.

हे महिने नुसते वाट बघण्यात घालवू नकोस, सर्जरीनंतरचं जेवण आताच हाताला वळण म्हणून लाव. ताटाशेजारचं पाण्याचं भांडं उचल. नंतर जेवताना पिता येत नाही, आणि जेवल्यावरही अर्धा तास थांबावं लागतं. ही सवय मोडायला माझ्या पेशंटना सर्वांत जड जाते, ताकाशिवाय घास न उतरणाऱ्यांना तर फारच. छोट्या मुलाच्या चमच्याने जेव. एक घास तोंडात असताना चमचा खाली ठेव, घास पार मऊ होईपर्यंत चाव. आधी प्रोटीन, मग भाजी, मग राहिली जागा तर पोळी-भात. सुरुवातीला मऊ पोळी आणि भात पुष्कळांना छातीत अडकल्यासारखे होतात, त्यामुळे त्यांच्यावाचून जेवण पूर्ण वाटायची सवय आत्ताच होऊ दे.

इथे एक घोळ बऱ्याच जणींचा होतो, तो तुझा होऊ नये. इन्शुरन्सचं सहा महिन्यांचं डाएट वेगळं आणि सर्जरीच्या आधी साधारण दोन आठवडे सर्जन देतात ते वेगळं. त्या दोन आठवड्यांत बहुतेक पातळ, कमी कार्बचं, कडक खाणं असतं, आणि त्याला ठोस कारण आहे. लिव्हरचा डावा भाग जठरावर येऊन बसतो. लिव्हरमध्ये चरबी साठून ते मोठं झालं असेल तर सर्जनला ते उचलून धरणं अवघड जातं. ते डाएट लिव्हर आकसवतं. तिथे एक दिवसही ढिलाई नको. आणि त्या दिवसांत शुगरच्या गोळ्या आणि इन्सुलिन कमी करावं लागतं, तेही डॉक्टरांना आधी विचारून.

सासूबाईंचं काय? त्या वाईट हेतूने बोलत नसतील. त्यांच्या पिढीला पोटाचं ऑपरेशन म्हणजे मरणाच्या दारातली गोष्ट. पण 'तोंड आवर' हे तू करून पाहिलंस ना? आहाराने वजन उतरवलं की शरीर भूक वाढवून ते परत आणतं. भुकेची हार्मोनं वर्षभरानंतरही चढलेलीच राहतात, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०११ साली दाखवून दिलं. स्लीव्हमध्ये जठराचा जो मोठा भाग काढतात, त्यातच भूक लावणारं घ्रेलिन मुख्यतः तयार होतं. म्हणजे ती सर्जरी नुसती पिशवी लहान करत नाही, भुकेचा आवाजही उतरवते. हे त्यांना तू सांगू नकोस. पुढच्या भेटीला त्यांना बरोबर ने आणि सर्जनच्या तोंडून ऐकू दे. त्यांनी कितीतरी वर्षं तुझं ताट बघितलंय, तुझी रात्रीची धाप मात्र बंद दाराआड आहे. सीपॅप दाखव त्यांना एकदा, सांग की ते न लावता झोपलं तर काय होतं.

आणि स्वतःला अपराधी ठरवणं थांबव. आईच्या ऑपरेशनला जाणं ही चूक नव्हती.

हिशेब मांडू. फेब्रुवारीची नोट धरली गेली, तर नोव्हेंबर ते एप्रिल असे सहा महिने पुढच्याच भेटीत पुरे होतात. नाही धरली गेली, तर मार्च ते ऑगस्ट. त्यानंतर मंजुरीला काही आठवडे धर, तरी सर्जरी याच वर्षात होते. बहुतेक प्लॅनमध्ये डिडक्टिबल, म्हणजे इन्शुरन्सने द्यायच्या आधी आपण भरायची रक्कम, १ जानेवारीला पुन्हा शून्यापासून सुरू होतं, म्हणून डिसेंबरच्या आत होईल तितकं बरं. मधल्या काळात नवऱ्याची किंवा तुझी नोकरी बदलायची वेळ आली, तर होकार देण्याआधी नव्या प्लॅनची हीच पॉलिसी वाच, नाहीतर हा सगळा खेळ परत पहिल्या महिन्यावर जातो.

नकार आलाच तर पत्रात कारण लिहिलेलं असतं. सर्जनला सांग, इन्शुरन्सच्या डॉक्टरशी थेट फोनवर बोलायची वेळ मागा. बरेच नकार तिथेच फिरतात. नाही फिरला तर लेखी अपीलाला तुझ्याकडे १८० दिवस असतात, आणि त्यावरही नकार आला तर बाहेरच्या स्वतंत्र तपासणीसाठी चार महिने. तुझी फाइल आणि त्यांनी वापरलेले निकष फुकट मागायचा तुला हक्क आहे.

आज रात्री पोर्टल, उद्या सकाळी फोन. त्यानंतर लगेच एप्रिलची अपॉइंटमेंट, आणि ती महिन्याच्या पहिल्या आठवड्यातलीच घे. गाडी बंद पडली, पोराला ताप आला, डाएटिशियनच रजेवर गेली, तरी दुसरी तारीख मिळायला उरलेले तीन आठवडे हाताशी राहतील.